वडिलोपार्जित शेतीची वाटणी: गुंठे सारखे करावेत की मोल?

आपला प्रश्न मला समजला तो असा. वडिलांच्या पश्चात साडेसहा एकर जमीन तीन भाऊ आणि एक बहीण अशा चौघांच्या नावे वारसाने लागली आहे. ती तीन गटांत आहे. पहिला गट ओढ्यालगतचा, दोन एकरांचा, काळ्या जमिनीचा, विहीर असलेला. दुसरा दीड एकराचा, मध्यम जमिनीचा, जिरायत, पण डांबरी रस्त्याला लागून. तिसरा तीन एकरांचा मुरमाड माळ. चुलत्यांचा आग्रह आहे की प्रत्येक गटाच्या चार उभ्या पट्ट्या पाडाव्यात, म्हणजे कोणावर अन्याय झाला असे कोणी म्हणणार नाही. आपले म्हणणे असे की इतक्या लहान तुकड्यांत शेती परवडत नाही, म्हणून जमीन एकत्रच राहू द्यावी. भावंडांपैकी एकच जण गावी राहून शेती करतो, बाकीचे शहरात आहेत, आणि दोन वर्षे हा विषय घरात अडून राहिला आहे.

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही वाटणीच्या वेळी लोक मला बांधावर बोलावतात. त्या अनुभवावरून मला वाटते की दोन्ही बाजूंनी प्रश्न चुकीच्या टोकाने धरला आहे. वाटणीत तीन गोष्टी असतात आणि त्या वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात: मालकी कोणाची किती, जमिनीचे मोल किती, आणि प्रत्यक्षात ती कसायची कोणी. चुलते मोलाचा विचार न करता नुसते क्षेत्र वाटत आहेत. आपण वहिवाट एकत्र राहावी म्हणून मालकीची वाटणीच टाळत आहात. मोलाने वाटणी करून, लागल्यास वहिवाट एकत्र ठेवता येते, आणि बहुतेक घरांत तोच मार्ग टिकतो.

काही गोष्टी मात्र मी न पाहता सांगू शकत नाही. गटांचा उतार कोणत्या दिशेला आहे, विहीर मार्चनंतर किती वेळ चालते, रस्त्याकडेचा गट तालुक्याच्या गावापासून किती लांब आहे आणि तेथे बिगरशेतीची मागणी आली आहे का, यांवर उत्तर बदलते. पुढील हिशेब म्हणून नमुन्याचे आहेत. आकडे आपले घालावेत.

आधी ‘लहान तुकडा परवडत नाही’ या म्हणण्याकडे वळतो, कारण शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे हा वाद चालू आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये तेथे सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडील जमीन, ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे त्यांनी दाखवले. (ते गाव आज पिंपरी-चिंचवड शहरातील दाट वस्तीचा भाग आहे, ही गोष्ट वेगळी.) राज्यभराचा कलही तसाच आहे. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झाले. खातेदारांची संख्या सुमारे ५० लाखांवरून दीड कोटीच्या पुढे गेली. म्हणजे आपल्या घरात जे घडत आहे ते घरोघरी घडले आहे.

पण या आकड्यांवरून ‘लहान म्हणजे तोट्याची’ असे थेट म्हणता येत नाही. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच विषयावर लिहिलेल्या निबंधात मांडलेला मुद्दा मला आजही सर्वांत नेमका वाटतो. शेत मोठे की लहान हे एकरांवरून ठरत नाही. त्यावर घातलेले भांडवल आणि श्रम यांच्याशी त्या क्षेत्राचे प्रमाण काय, यावरून ठरते. खरे दुखणे जमिनीच्या लहानपणात नसून शेतीवर विसंबलेली जादा माणसे आणि अपुरे भांडवल यांत आहे, आणि उपाय उद्योगधंद्यांत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या घरातच हे दिसते. विहिरीखालची वीस गुंठे जमीन आणि माळावरची वीस गुंठे जमीन सातबाऱ्यावर सारखीच दिसते, पण पहिलीत भाजीपाला काढणारा वर्षभर गुंतलेला असतो आणि दुसरीत पाऊस चुकला की बियाणेही निघत नाही. पुढे १९५० च्या दशकातील शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्यांतही लहान शेतांत दर एकरी उत्पन्न अनेकदा जास्त आढळले आणि त्यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठी चर्चा झाली. एकरी उत्पन्न जास्त असूनही घर चालत नाही, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, कारण एकरच कमी असतात. आपल्या घरात तिघांचे पोट शहरातील नोकरीवर आहे, एकाचेच शेतीवर आहे. म्हणून ‘परवडते का’ हा प्रश्न चौघांना नव्हे, त्या एकाला लागू आहे.

आता चुलत्यांची बाजू. प्रत्येक गटात प्रत्येकाला वाटा, ही रीत अडाणीपणाची नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर माथ्याला मुरूम, मधल्या उतारावर मध्यम जमीन आणि ओढ्याकाठी खोल काळी माती असा जमिनीचा क्रम एकाच शिवारात बदलत जातो. कमी पावसाच्या वर्षी काळी ओल धरून ठेवते आणि माळ करपतो. अतिवृष्टीच्या वर्षी काळी उफळते, पीक पिवळे पडते आणि निचऱ्याच्या माळावर दोन पोती तरी पदरात पडतात. जुन्या माणसांनी प्रत्येकाला दोन्हीकडे वाटा दिला तो एका अर्थाने विमाच होता. विहिरी, ठिबक आणि नोकरीचे उत्पन्न नसलेल्या काळात तो शहाणपणाचाच होता. आज आपल्यापैकी तिघांना त्या विम्याची गरज उरलेली नाही, आणि त्याचा हप्ता मात्र जमिनीच्या आकारात भरावा लागतो.

हा हप्ता किती ते पाहू. ओढ्यालगतचा दोन एकरांचा गट साधारण २०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आहे असे धरा. त्याच्या चार उभ्या पट्ट्या पाडल्या तर प्रत्येक पट्टी १० मीटर रुंदीची होते. मधले तीन नवे बांध एक-एक मीटर रुंदीचे धरले तर ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे जमीन बांधाखाली जाते. हे झाले पहिल्या वर्षाचे. पुढे दर नांगरटीला बांध कोरला जातो, तो सरळ राहत नाही, आणि कोणी कोरला यावरून जे सुरू होते ते बहुतेक वेळा मोजणीच्या अर्जावरच थांबते. दहा मीटरच्या पट्टीत कुळवाची आडवी पाळी घालता येत नाही. शेजारच्या पट्टीत तणनाशक मारले की वाऱ्याने ते आपल्या पिकावर येते. बांधावर कोणी झाड लावले की अर्ध्या पट्टीवर सावली.

त्याहून मोठा दोष उताराचा. पट्ट्या उभ्या का पाडतात, तर प्रत्येकाचे एक टोक वाटेला आणि एक टोक ओढ्याला पोचावे म्हणून. म्हणजे पट्टी हमखास उताराच्या दिशेने लांब होते. अरुंद पट्टीत ट्रॅक्टर लांबीच्याच दिशेने चालणार, सऱ्या उतारालाच पडणार, आणि जोराच्या पावसात प्रत्येक सरी पाण्याची वाट होऊन वरची माती खाली नेणार. उताराला आडवी पेरणी करावी, बांधबंदिस्ती समपातळीत करावी, असे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे; उभ्या पट्ट्यांनी ते करणे जवळपास अशक्य होते. दोन-तीन वर्षांत वरच्या टोकाला मुरूम उघडा पडलेल्या पट्ट्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. गावचा गट नकाशा घेऊन शिवारातून फिरलात तर कोणत्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी वाटणी झाली हे नुसत्या रेषांवरून ओळखता येते.

याशिवाय कायद्याची अडचण आहे. १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा पडेल अशा विक्रीला आणि वाटणीलाही मनाई करतो. २०२३ च्या अधिसूचनेने अकोला आणि रायगड वगळता राज्यातील जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे केले आहे. आपल्या पहिल्या गटाचे चार भाग केले तर प्रत्येकी २० गुंठे बागायत येते, ते चालेल. माळाचे ३० गुंठे येतात, तेही चालेल. पण रस्त्याकडेच्या दीड एकराचे चार भाग १५ गुंठ्यांचे होतात आणि ती जमीन जिरायत आहे. म्हणजे तो तुकडा ठरतो. अशा वेळी कायद्याला अपेक्षित असते ते हे की जमीन काहींनी घ्यावी आणि उरलेल्यांना तिचा मोबदला पैशात द्यावा. २०२५ मध्ये तुकडेबंदी शिथिल झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील, पण त्या सवलतीचा रोख नागरी क्षेत्रातील गुंठेवारीवर, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या भूखंडांवर आहे, शिवारातील शेतजमिनीवर नाही. आपला जिल्हा आणि सातबाऱ्यावरील नोंद ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, एकदा तपासून घ्यावी.

मग वाटणी कशी करावी? येथे मी ब्रिटिश काळातील पाहणीची एक जुनी रीत वापरतो. मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी बसवलेल्या जमाबंदीत प्रतबंदी होत असे. मातीची खोली आणि प्रकार पाहून जमिनीला आणे लावायचे, उत्तम जमीन सोळा आणे, आणि चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा असे दोष आढळतील तसे आणे कमी करत जायचे. सर्वांत हलकी प्रत दोन आण्यांपर्यंत उतरत असे. सारा ठरवण्यासाठी केलेली ही पद्धत घरातल्या वाटणीलाही उत्तम चालते. चौघांनी मिळून शेतावर जावे, प्रत्येक गटात तीन-चार ठिकाणी पहारीने खड्डा घेऊन मुरूम कुठे लागतो ते पाहावे, पाणी, वाट आणि घरापासूनचे अंतर विचारात घ्यावे, आणि प्रत्येक गटाला आणे ठरवावेत. शेती करणाऱ्या भावाचे मत येथे सर्वांत मोलाचे, पण त्याचा स्वार्थही त्यात असतो, म्हणून गावातील एखादा तिऱ्हाईत जाणता शेतकरी सोबत घ्यावा.

समजा, विहिरीच्या काळ्या जमिनीला १६ आणे ठरले, रस्त्याकडेच्या मध्यम जमिनीला १० आणि माळाला ५. क्षेत्राला आण्यांनी गुणले की पहिला गट ८० गुंठे गुणिले १६ म्हणजे १,२८०, दुसरा ६० गुणिले १० म्हणजे ६००, तिसरा १२० गुणिले ५ म्हणजे ६००, एकूण २,४८०. चौघांत प्रत्येकी ६२०. आता चित्र किती बदलते पाहा. एकाने रस्त्याकडेचा सगळा गट घ्यावा, एकाने सगळा माळ घ्यावा आणि दोघांनी काळ्या जमिनीचे दोन भाग करून घ्यावेत. वाटे पडतात ६००, ६००, ६४० आणि ६४०. चुलत्यांच्या पद्धतीने बारा पट्ट्या झाल्या असत्या. येथे चारच शेते होतात, एकच नवा बांध पडतो आणि एकही तुकडा कायद्याच्या मर्यादेखाली जात नाही. जास्त वाटा मिळालेल्या प्रत्येकाने २० चा फरक, म्हणजे काळ्या जमिनीच्या सव्वा गुंठ्याची किंमत, कमी मिळालेल्याला रोख द्यावी आणि ती रक्कम वाटणीपत्रात लिहावी.

काळ्या जमिनीचे दोन भाग आडवे करावेत, उताराला काटकोनात. बांध ४० मीटरचाच होतो. आतल्या भागाला मात्र वाट ठेवावी लागेल, आणि तीन मीटर रुंदीची वाट शंभर मीटर नेली तर तीन गुंठे जमीन त्यात जाते. ती दोघांच्या वाट्यातून सारखी कापावी. खालचा भाग ओढ्याच्या पुराने चिबडत असेल तर मधली रेषा थोडी वर सरकवून खालच्याला दोन-तीन गुंठे जास्त द्यावेत. अशा बारीक तडजोडी शेतावर उभे राहून, दोर आणि खुंट्या घेऊन अर्ध्या दिवसात होतात. घरातल्या ओसरीवर त्या कधी होत नाहीत.

या हिशेबाला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या प्रकरणात नेमका लागू पडण्याची शक्यता आहे. रस्त्याकडेचा गट शेती म्हणून १० आण्यांचा असला तरी गाव वाढत असेल तर विक्रीच्या दृष्टीने तो काळ्या जमिनीच्या तिप्पटही असू शकतो. मग आणे शेतीच्या मोलाचे लावायचे की बाजारभावाचे, यावरच भांडण होते. दुय्यम निबंधकाकडील शीघ्रसिद्ध गणक (रेडी रेकनर, म्हणजे जमिनीचे सरकारी दर) आणि अलीकडे झालेली खरेदीखते पाहून अंदाज घ्यावा. फरक फार मोठा असेल तर तो गट तूर्त अविभक्त ठेवावा, चौघांचे हिस्से सातबाऱ्यावर राहू द्यावेत, आणि बाकीच्या दोन गटांची वाटणी करून मोकळे व्हावे. सगळे एकाच दिवशी सुटले पाहिजे हा हट्ट नको. किंवा तो गट घेणाऱ्याने ठरावीक वर्षांत बिगरशेतीसाठी विकला तर वाढीव रकमेत बाकीच्यांना हिस्सा, अशी अट नोंदणीकृत दस्तात घालता येते. तिचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्यावा.

विहिरीविषयी जास्त लिहितो, कारण वाटण्या मोडतात त्या जमिनीवरून कमी आणि पाण्यावरून जास्त. विहीर ज्याच्या भागात येईल त्याची होणार की सामाईक राहणार, हे आणे लावण्याआधी ठरले पाहिजे. माळ घेणाऱ्यालाही पाणी द्यायचे ठरले तर माळाचे आणे पाचाचे सात होतील आणि सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. सामाईक ठेवणार असाल तर ‘विहीर सामाईक’ एवढी नोंद पुरत नाही. पाळी कोणाची कोणत्या दिवशी, शेतीपंपाची वीज कधी दिवसा आणि कधी रात्री येत असल्याने रात्रीची पाळी कोणाकडे किती आठवडे, वीजजोडणी कोणाच्या नावे आणि बिल कसे भरायचे, पाइपलाइन कोणाच्या शेतातून आणि किती खोलीवरून जाणार, ती फुटली तर उभ्या पिकातून खोदायचा हक्क आहे का, गाळ काढण्याचा खर्च कोणाचा, आणि उन्हाळ्यात पाणी दोन तासच चालले तर आधी कोणाचे पीक, हे सगळे लिहावे. भावाभावांत एवढे काय लिहायचे, असे आज वाटते. पण पुढच्या पिढीत हे चुलतभाऊ असतील आणि त्यांच्या हातात कागदच असेल.

वाटेचेही तसेच. गटाच्या आतली वाट नकाशावर आखून, रुंदी लिहून, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवून घ्यावी. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंदीचे करावेत आणि त्यांची अशी नोंद घ्यावी असे ठरवले आहे, त्यामुळे आता त्यात अडचण येऊ नये. वाटणीच्या वेळी न ठेवलेली वाट पुढे महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे मागता येते आणि असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते, पण त्या अर्जांना जाणारा काळ आणि नात्यांचा होणारा विचका पाहिला की तीन गुंठे सोडून देणे स्वस्त वाटते.

कागदोपत्री मार्ग तीन आहेत. चौघांची संमती असेल तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे खातेफोडीचा, म्हणजे प्रत्येकाचे खाते वेगळे करण्याचा, अर्ज करता येतो. किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येते. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाल्याने खर्चाचे कारण आता उरलेले नाही. संमती नसेल तर दिवाणी दावा, आणि तो शक्यतो नकोच. कोणताही मार्ग घेतला तरी क्रम चुकवू नका: आधी शेतावर खुणा, मग भूमी अभिलेखाकडून पोटहिश्श्याची मोजणी, मग त्या नकाशासह दस्त किंवा आदेश, आणि शेवटी फेरफार. गावोगावी उलटे होते. सातबारे वेगळे होतात, नकाशा एकच राहतो, आणि पंधरा वर्षांनी कोणी विकायला निघाला की चतु:सीमा कोणालाच माहीत नसते. आपल्या गावात एकत्रीकरण योजना, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडण्याची योजना, झाली असेल तर जुने सर्व्हे नंबर आणि आजचे गट यांचे क्षेत्र जुळते का, तेही मोजणीआधी पाहावे. त्या काळातील चुका अजून निघतात.

आपण सहज उल्लेख केला आहे की ओढ्यालगतच्या गटाचा एक कोपरा चुलते कित्येक वर्षे कसतात आणि त्यांच्या शेजारच्या गटातील तेवढीच जमीन आपल्या घराकडे आहे. हे आत्ताच निस्तरावे. किमान बारा वर्षे परस्परांच्या ताब्यात असलेल्या जमिनीची अदलाबदल कायदेशीर करण्यासाठी जानेवारी २०२३ पासून सलोखा योजना आहे. तिच्यात मुद्रांक शुल्क एक हजार रुपये आणि नोंदणी फी एक हजार रुपये एवढीच लागते. ही सवलत मुदतीची आहे, म्हणून अर्जापूर्वी ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी. अदलाबदल न नोंदवता वाटणी केली तर आपण मोजणीला एक क्षेत्र दाखवाल आणि ताबा दुसऱ्याच क्षेत्राचा निघेल.

आता आपला ‘एकत्रच कसू’ हा विचार. त्यात तथ्य आहे, पण त्यासाठी मालकी अविभक्त असण्याची गरज नाही. १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात लहान धारणांच्या विधेयकाला विरोध करताना आंबेडकरांनी हेच सुचवले होते की खाजगी मालकी न मोडता पट्ट्यांच्या मालकांनी मिळून शेती करावी. सहकारी शेतीचा मोठा प्रयोग म्हणून १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात ठरावही झाला, पण जमीन आणि हिशेब दोन्ही संस्थेच्या हाती देण्यास शेतकरी राजी झाले नाहीत. जे टिकले ते वेगळ्या ठिकाणी एकत्र आले. नाशिक जिल्ह्यात मोहाडीच्या सह्याद्रीसारख्या शेतकरी कंपनीत बाग ज्याची त्याची असते. प्रतवारी, शीतगृह आणि निर्यात एकत्र होते. घरातही तसेच करावे. नांगरट, पाणी आणि विक्री मिळून, पण सातबारा आणि हिशेब प्रत्येकाचा वेगळा. अविभक्त जमिनीत कर्जाला, पीकविम्याला, अनुदानाला आणि विहिरीच्या परवानगीला दर वेळी चौघांच्या सह्या लागतात, आणि शहरातला एक भाऊ सहीला आला नाही की गावातला भाऊ हंगाम हुकवतो.

शहरातील तिघांची जमीन गावातील भावाने कसायची असेल तर खंड ठरवून वर्षावर्षाचा लेखी करार करावा. आपल्याकडे कसणारा उद्या कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल या, म्हणजे कूळकायद्याच्या, धास्तीने लोक असे करार लिहीत नाहीत आणि सगळे तोंडी चालते. त्याचा परिणाम असा होतो की कसणाऱ्याच्या नावे काहीच नसते. नुकसानभरपाई आली तर ती मालकाच्या खात्यात जमा होते आणि बियाण्याचा खर्च केलेला भाऊ पाहत राहतो. कराराचा मसुदा कूळकायद्याच्या तरतुदी माहीत असलेल्या वकिलाकडून करून घ्यावा आणि ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची मोबाइलवरून नोंद, दर हंगामात भरावी.

शेवटी बहिणीविषयी. आपण लिहिले आहे की ती ‘बहुधा हक्क सोडेल’. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. तिने हक्कसोडपत्र द्यायचे की नाही हा तिचा निर्णय आहे, पण तो वाटे पाडून झाल्यावर, आपल्या वाट्याचे मोल तिला माहीत असताना घेतलेला असावा. वाटणीआधी सही घेतली की हिशेब तिघांचा होतो आणि पुढे वाद उठला तर सगळी वाटणी उघडते. ‘ती कुठे शेती करणार’ म्हणून माळ तिच्या नावे टाकण्याची रीतही मी फार पाहिली आहे. ती टाळण्याचा उपाय सोपा आहे. गावातील भावाला जमीन सर्वांत जास्त कळते, म्हणून वाटे त्याने पाडावेत. उचलताना पहिला मान बहिणीचा, मग शहरातील दोघे भाऊ, आणि उरलेला वाटा पाडणाऱ्याचा. चुलत्यांना साक्षीदार म्हणून त्या दिवशी शेतावर बोलवा. पीक निघाल्यावर आणि पावसाआधी, शेत मोकळे असताना हे करावे. मोजणीचा अर्ज मात्र त्याच्या बराच आधी भरून ठेवावा, कारण उन्हाळ्यात सगळ्या तालुक्याचे अर्ज एकदम येतात.